तीन करंज्या, पाच चकल्या

माझ्या आत्याविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे. ती मांडायला मी पुष्कळ माणसं धुंडाळली. पण नगरमध्ये ज्याच्याकडे जावं तो तिच्या हातचा चहा प्यायलेला निघतो, आणि पुण्यात कोणाला सांगायला जावं तर "अहो, किती नशीबवान आहात!" म्हणून तो मलाच गप्प करतो. म्हणून आता लिहूनच काढतो.

मी तिचा सख्खा भाचा आहे. एकुलता एक. तिला मूलबाळ नाही. शाळेत होतो तोवर मे महिन्याची आणि नाताळची सुट्टी मी तिच्याकडे काढली. तिच्या सुजलेल्या पायांना तेल चोळलं, दिवसाआड येणाऱ्या नळाच्या बादल्या जिना चढून वर नेल्या, तिचं 'उपासना संगीत' पुस्तक सुटं झालं तेव्हा खळ लावून पानं चिकटवली. एवढं करून तिच्या लेखी माझी किंमत किती? तर गॅसचं सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाइतकी. तसूभर कमी नाही, पण तसूभर जास्तही नाही.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. एकमेकांना भेटलो की 'सलाम' म्हणतो. मंडळीतल्या माणसाला सलाम, बाहेरच्याला नमस्कार, असा साधारण रिवाज. आत्याने तो केव्हाच मोडीत काढला. ती सगळ्यांना सलाम करते. गणपतीला निघालेल्या बायका "रामराम सिस्टर" म्हणतात, सर्जेपुऱ्यातला गादीवाला चाचा "वालेकुम" म्हणून तिचा अर्धवट सलाम पुरा करून टाकतो, आणि पलीकडच्या बोळातले आजोबा मोठ्याने "जय भीम" ठोकतात. तिला कशाचंच काही वाटत नाही. घरापासून चर्च दहा मिनिटांवर. नऊच्या उपासनेला ती सव्वाआठलाच निघते. पस्तीस मिनिटं वाटेतल्या चौकशांची: भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण, चपलावाल्याच्या पोराची दहावी, कोणाचा गुडघा, कोणाची म्हैस. मी एकदा म्हणालो, "आत्या, जरा भरभर चल की." तर म्हणाली, "देवाच्या घरी उशीर नको, म्हणून माणसांचा वेळ आधीच धरून निघते मी."

तिचं एक ठरलेलं वाक्य आहे: "तोही देवाचंच लेकरू ना रे." रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त मागितले, तोही देवाचंच लेकरू. वाण्याने तांदळात खडे घातले, तोही. गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळा बसला, तोही. या वाक्याला उत्तर नाही. नाही म्हणावं तर आपण नास्तिक, हो म्हणावं तर वीस रुपये गेले.

आता तिचे कप. निवृत्त झाली तेव्हा वॉर्डातल्या आयाबायांनी वर्गणी काढून तिला सहा कपांचा संच दिला. पांढरे, काठाला निळी फुलं. एकाचा कान पहिल्याच वर्षी तुटला. (माझ्या हातून. पण तो विषय वेगळा.) कोणत्याही घरात असा कप मागे जातो. त्यात टूथब्रश ठेवतात, नाहीतर हळद भिजवतात. आणि आपल्याकडे खिडकीच्या कट्ट्यावर एक वेगळा पेला उपडा घातलेलाही असतो. तो कोणासाठी आहे हे घरातलं कोणी बोलत नाही, आणि ज्याच्यासाठी आहे तो न सांगता उचलतो. आत्याच्या घरात तो पेला नाही. सहा कप ओट्यावर ओळीने उपडे. जो येईल त्याला डावीकडून पहिला. धुतलेला कप उजव्या टोकाला जाऊन बसतो. म्हणजे कान तुटलेला कपही रांगेत असतो आणि त्याची पाळी येते ती येतेच. इलेक्ट्रिकच्या मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा मुलगा चांगल्या कपातून पिऊन गेला आहे, आणि बाहेरगावहून मोठ्या सभेला आलेले पांढऱ्या झग्यातले पाहुणे पाळकसाहेब कान तुटलेला कप दोन्ही हातांत, चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरून बसले होते. बोटं भाजत होती, पण चेहरा प्रसन्न ठेवणं भाग होतं. मी आतून खुणा केल्या, भुवया उडवल्या. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो, "अगं, निदान त्यांना तरी!"

"त्यांची पाळी आली," आत्या म्हणाली.

"पण ते कोण आहेत!"

"तेच तर. तेही देवाचंच लेकरू."

तेव्हा कळलं की हे वाक्य खालच्यांना वर उचलायलाच नाही, वरच्यांना खाली आणायलाही चालतं.

या कपांमागे एक गोष्ट आहे. आत्या ती कधी सांगत नाही, माझ्या वडिलांनी सांगितली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. पण खेड्यापाड्यांतली आमच्यासारखी बरीच घरं ख्रिस्ती झाली ती १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी दिवस आमच्या घराण्यातल्या बायका गावच्या आडाजवळ घडा घेऊन उभ्या राहत. कोणाला दया आली तर तो वरून पाणी घालायचा. तहान लागली तर ओंजळ. भांड्याला हात लावायचा नाही. आणि गंमत अशी, बाप्तिस्मा घेतला म्हणून ओंजळ लगेच सुटली असंही नाही. महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले देवळात एका बाकावर बसले तरी एका पंगतीला बसायला बराच काळ गेला, हे आमच्याकडची म्हातारी माणसं अजून आवाज खाली आणून सांगतात. दुसरीकडे ब्राह्मणांतून आलेल्यांचंही तेच. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या वर्षांत सोवळ्याशी आपली काय काय झटापट झाली ते बाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे, तेही स्वतःलाच हसत. आत्याची या पुस्तकाची प्रत पार खिळखिळी झाली आहे. मी कोणाबद्दल नाक मुरडलं की ती त्या पुस्तकाकडे बोट करून म्हणते, "बाईंना पाच वर्षं लागली. तुला किती पाहिजेत?"

वाचायची तिला फार आवड. 'ज्ञानोदय' नगरमध्ये सुरू झालं १८४२ साली. ते आपल्या घरचंच असावं अशा मायेने ती त्याचे अंक वाचते, आणि वाचून झाले की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला देते. तो वाचतो की नाही ठाऊक नाही. माझे शर्ट मात्र त्यात गुंडाळून येतात.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून अजून ती गल्लीची सिस्टर. तिथले किस्से ती सांगत नाही, तिच्या जुन्या मैत्रिणी सांगतात. एका पुढाऱ्याचे सासरे आणि मार्केट यार्डातला एक हमाल शेजारशेजारच्या खाटांवर होते. पुढाऱ्याची माणसं दर अर्ध्या तासाने येऊन "आमच्या दादांकडे आधी बघा" म्हणत. आत्या आधी खाट नंबर सहा बघायची, मग सात. दादा सातवर होते. तिसऱ्या दिवशी दादा स्वतःच म्हणाले, "सिस्टर, मला सहावर हलवा." आत्याने हलवलं. आणि दुसऱ्या दिवशी राउंड सातपासून सुरू केला.

म्हणजे ती भोळी आहे असं समजू नका. भोळ्या माणसाचं प्रेम आपण समजू शकतो, ते सांडतं. आत्याचं सांडत नाही, ती ते मोजून वाढते. आपल्या सगळ्यांची माया नगरच्या नळासारखी असते. तळमजल्याला धो धो, दुसऱ्या मजल्याला करंगळीएवढी धार, तिसऱ्याला नुसतं सूं सूं. त्यात आपल्याला काही वावगंही वाटत नाही, पाइपच तसा आहे म्हणतो. आत्याने मात्र प्रत्येक मजल्याला सारखं पाणी चढवायचा चंग बांधला आहे. त्यात तळमजल्यावरच्यांची, म्हणजे माझी, धार बारीक झाली आहे. त्याचं काय?

माझं जर्किन घ्या. नगरची थंडी डिसेंबरात हाडांत शिरते. मी नाताळला गेलो की तिथे घालायला म्हणून एक जर्किन तिच्या कपाटात ठेवून दिलं होतं. एका वर्षी कपाट उघडतो तर नाही. रात्री शिट्टी वाजवत गुरखा आला, खिडकीतून बघितलं, तर जर्किन त्याच्या अंगात. त्याने माझ्याकडे पाहून कडक सलाम ठोकला.

"तुझ्याकडे दोन होती ना?" आत्या म्हणाली.

"दुसरं पुण्याला आहे!"

"मग पुण्याला कोणाला गरज असेल तर बघ."

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने काय करावं ते सांगून ठेवलं आहे. त्यातला एक परगावी असेल तर काय करावं, याचा खुलासा त्याने केलेला नाही.

मध्यंतरी तिला एक फोन आला. तुमचं खातं बंद पडणार आहे, कार्डावरचे सोळा आकडे सांगा. मी समोर होतो, हातवारे करून "ठेव, ठेव" म्हणत होतो. आत्याने चष्मा लावला, फोन कानाशी नीट धरला आणि विचारलं, "जेवलास का बाळा?" पलीकडे शांतता. मग म्हणाली, "हे बघ, आकडे काही मी देणार नाही. पण असं खोटं बोलायचं काम रोज करतोस, रात्री झोप लागते का? डोळे मिट, मी प्रार्थना करते तुझ्यासाठी." आणि तिने केली. त्याच्या आईसाठीही केली. त्याने फोन 'आमेन'च्या आधी ठेवला की नंतर, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. आत्या म्हणते नंतर.

पण तिचा खरा कस लागला तो भिंतीच्या दाव्यात. पलीकडच्या घरमालकांनी कंपाउंडची भिंत नव्याने बांधताना ती दीड फूट अलीकडे सरकवली. आत्याने तोंडी सांगितलं, अर्ज केला, मोजणी आणली, आणि शेवटी दावा लावला. मला वाटलं, ख्रिस्ती बाई आहे, दुसरा गाल पुढे करेल, आणखी दीड फूट घ्या म्हणेल. छे! कागद फायलीत लावलेले, सिटी सर्व्हेचा उतारा, फोटो, सगळं चोख. अकरा वर्षं दावा चालला. दर तारखेला ती वेळेवर हजर. एकदा मीही गेलो होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक, त्यावर एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला पलीकडचे काका, मध्ये दोघांच्या फायली. दुपार झाली. पुकारा होईना. आत्याने डबा काढला. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी. भाकरी मोडली आणि अर्धी काकांपुढे धरली. काका संकोचले. मग खाऊ लागले. शुगरचा त्रास होता त्यांना, उपाशी राहून भागत नसे.

तेवढ्यात आत्याचे वकील आले आणि जागच्या जागी थिजले. "बाई, साक्षीच्या आधी प्रतिवादीला जेवू घालत नाहीत!"

"मग साक्षीनंतर घालू? भाजी गार होईल."

"अहो, दावा आपला आहे ना?"

"भिंत माझी आहे, ती मी घेणार," आत्या म्हणाली. "भूक त्यांची आहे. ती दाव्यात नाही."

आणि अर्ध्या तासाने पिंजऱ्यात उभी राहून तिने त्याच काकांना फूट-इंचांसकट असं काही सोलून काढलं की मलाच त्यांची दया आली.

ही माणसं प्रत्येक मंडळीत एकतरी असतात. बहुधा निवृत्त नर्स किंवा शाळेच्या बाई. ख्रिस्तीच असतात असं नाही म्हणा, तुमच्याकडे ती वारीला जाणारी काकू असेल, नाहीतर रमजानमध्ये आख्ख्या चाळीला खीर पाठवणारी खाला. पण आमच्याकडे त्यांच्या पाठीशी शास्त्र असतं. त्यामुळे वाद घालता येत नाही. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची खुर्ची आणि मळक्या कपड्यांतल्याला जमीन देणाऱ्यांची हजेरी घेतली आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात तर वाटेत जखमी पडलेल्याला सोडून पुढे गेलेले दोघेही त्याच्याच धर्माचे, आणि थांबला तो ज्याच्याशी रोटी-बेटी नाही असा. हे सगळं मला मान्य आहे. रविवारी अगदी मनापासून मान्य असतं. सोमवारी सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न येतो.

मला नडतो तो द्राक्षमळ्याचा दृष्टान्त. मळेवाला सकाळी मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. आता सांगा, त्यांचं काय चुकलं? नगर-नाशिककडचा कोणताही द्राक्ष बागायतदार असं करून दाखवू दे, दुसऱ्या दिवशी सकाळी एक मजूर येणार नाही, सगळे संध्याकाळी पाचला येतील! एकदा उपासनेत पाळकसाहेबांनी यावर उपदेश केला. घरी येताना मी आत्याला म्हणालो, "तो सकाळचा मजूर म्हणजे मी. आणि तुझा तो सिलिंडरवाला पाचला आलेला."

आत्या थोडा वेळ बोलली नाही. चपलावाल्याला सलाम केला, त्याच्या पोराचं विचारलं. मग म्हणाली, "पाचला आलेल्याच्या घरी खाणारी तोंडं कमी असतात का रे?"

आता नाताळचं सांगतो, मग थांबतो. आमचा नाताळचा फराळ म्हणजे तुमच्या दिवाळीचाच: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, क्वचित अनारसे. आत्या चाळीस पुडे करते. प्रत्येकात तीन करंज्या, पाच चकल्या, आणि शंकरपाळे जुन्या तराजूवर तोलून पावशेर. एका लांब वहीत नावं. क्रम दरवर्षी वेगळ्या नावापासून सुरू, म्हणजे कायमचा पहिला कोणी नाही. गेल्या नाताळला तिचे हात थरथरायला लागले होते, म्हणून पुडे बांधायला मी बसलो. वही माझ्यापुढे उघडी. माझं नाव तेविसावं. वर गिरणीवाला, खाली घंटागाडीवरचा नवा पोरगा. ठीक आहे, सवय आहे. पण काही नावांपुढे लाल शाईचे ठिपके दिसले. बहुतेक नावं कोरी. पलीकडच्या काकांच्या नावापुढे दोन. माझ्या नावापुढे सात.

"हे ठिपके कसले?"

"काही नाही. माझा हात चुकतो तिथे करते."

"म्हणजे?"

तिने करंज्यांच्या डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "काकांच्या पुड्यात दोनदा करंजी कमी टाकली. दाव्याच्या रागाने. मुद्दाम टाकली. मग लाज वाटली, सोडून परत घातली."

दोन ठिपक्यांचा हिशेब लागला. सात माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागले. जर्किनवरून मी धरलेला अबोला आठवला, कपाचा कान आठवला, पुण्याहून न केलेले फोन आठवले. भिंत सरकवणाऱ्या माणसापेक्षा माझ्यावर साडेतीन पट राग!

"सात वेळा माझ्यात कमी टाकलीस?"

"कमी नाही रे." तिने माझ्या हातातला दोरा घेतला आणि उगाच दाताने तोडला. "तुझ्यात जास्त पडतात. मग काढाव्या लागतात."

आणि लगेच ओरडली, "शंकरपाळे तोलून घाल. मूठ भरू नकोस, तुझी मूठ मोठी आहे."

सत्तावीस तारखेला परत निघालो. एसटीत खिडकीची जागा मिळाली. पुडा मांडीवर होता. सुपं मागे पडलं तसा मला धीर धरवेना. गाठ सोडली, कागद उलगडला, शंकरपाळे बाजूला सारून मोजल्या. शेजारच्या सीटवरचा माणूस बघत होता, म्हणून दुसऱ्यांदा जरा आडोशाने मोजल्या. तीनच होत्या.

तो अजून बघतच होता.